फडताळातला कॉम्प्युटर

आधीच माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व कुठं, दीर्घ कुठं हे मला कधीच नीट कळलं नाही. चौथीत शाळा सुटली. ही वही मुलीची आहे. मागची पानं कोरी राहिली होती, त्यावर लिहिते आहे. कुणाला दाखवायची नाही. चार बायकांत माझा आवाज फुटत नाही, म्हणून कागदावर.

लिहायचं आहे ते माझ्या धाकट्या जावेबद्दल. दोघे भाऊ वेगळे निघाले तेव्हा बीडच्या घराचं अंगण तेवढं सामाईक राहिलं. आमच्याकडं किराणा दुकान आलं, दिरानं खत-बियाण्याची एजन्सी घेतली. तेव्हा गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या. जाऊ बारावी शिकलेली. बिलं करायला म्हणून दिरानं तिला नवा कोरा कॉम्प्युटर आणून दिला. त्यात गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम होता.

माझी मुलगी सहावीत होती. शाळेतून आली की दप्तर उंबऱ्यात टाकून अंगण ओलांडायची. दिवेलागणीला परत यायची ती जेवूनच. ‘काकूनं शेंगदाण्याची पोळी केली होती’ म्हणायची. मी थापलेली भाकरी टोपल्यात तशीच. पुढं पुढं ती काकूसारखा तिरपा भांग पाडायला लागली. भाकरी थापताना समोरून त्या दोघींचं हसू ऐकू आलं की माझा हात थांबायचा. जावेला मूल नव्हतं. त्या वेळी मला तेवढंच दिसायचं, की हिला नाही म्हणून ही माझी ओढते आहे.

मी ठरवलं, आपल्या घरी कॉम्प्युटर आणायचा. नवऱ्यानं ऐकूनच घेतलं नाही. माहेरी मागायची सोय नव्हती. आमच्या गल्लीत बायकांची भिशी होती आणि त्या महिन्यात नंबर जावेचा लागला होता. मी तिच्याकडंच गेले. पैसे कशाला हवेत ते सांगितलं नाही, तिनं विचारलंही नाही. भिशीची सगळी रक्कम माझ्या हातात ठेवली, सवडीनं द्या म्हणाली. तिनं दोन प्रश्न विचारले असते तर मला बरं वाटलं असतं.

एक क्लास बंद पडला होता, तिथला एक कॉम्प्युटर मिळाला. मोठा डबा पिवळा पडलेला, त्यावर लाल ऑइलपेंटनं सातचा आकडा. मी नवा म्हणून सांगणार होते आणि हा आकडा दुरून ओरडत होता. टीव्हीसारखा भाग टेबलावर ठेवला आणि डबा शेजारच्या फडताळात सरकवला. दाराला बिब्बा बांधला, आतून जुन्या चादरीचा दुहेरी पडदा लावला. जावेची नजर पडू नये म्हणून.

मुलीनं काकूकडची सीडी आणून गेम टाकला. पहिली पाच मिनिटं गाडी छान पळाली. मग अडखळायला लागली. चित्र थांबायचं, पुन्हा एकदम पुढं उडी मारायचं, शेवटी सगळंच बंद. मुलगी सीडी घेऊन उठली आणि अंगणापलीकडं गेली.

दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं डबा फडताळातून काढून फरशीवर ठेवला. मशीन जुनं आहे, गेम भारी आहे, असं म्हणत गेममधल्या सावल्या बंद केल्या, चित्र बारीक केलं, नको ते प्रोग्रॅम काढून टाकले. तासभर गाडी नीट पळत होती. तो पैसे घेऊन गेला. मी डबा पुसून परत जागेवर ठेवला. दुपारी जाऊ विरजण मागायला आली, टेबलाकडं बघून ‘छान आहे हो’ म्हणाली, आणि संध्याकाळी गाडी पुन्हा अडखळली.

तो परत आला, डबा बाहेर काढला, नीट चाललं. तो गेला, बिघडलं. तिसऱ्या खेपेला तो वैतागून म्हणाला, मी असलो की चालतंय, मग मला इथंच ठेवून घ्या. माझी मात्र खात्री पटली होती, ही जावेची नजरच. मी मीठ-मोहरी घेऊन डब्याची दृष्ट काढली आणि त्या दिवसापासून फडताळाची दारंही लावून घ्यायला लागले. आता पाच मिनिटंसुद्धा गाडी पळेना.

एका रविवारी मुलीनं मला न विचारता काकूला हाताला धरून आणलं. जावेनं थोडा वेळ गेम बघितला. मग फडताळ उघडलं, पडदा सारला आणि डब्यावर हात ठेवला.

“अक्का, हात लावून बघा. तवा झालाय. याला आत कोंडून कावून ठेवलंय?”

मुलगीच बोलली, “काकू, तुझी नजर लागू नये म्हणून आईनं ठेवलाय.”

मूल नसलेल्या बाईला आमच्याकडं हे वाक्य पाठीमागं बोलतात. तोंडावर कुणी बोलत नाही. जावेनं डब्यावरचा हात काढून घेतला. मग म्हणाली, “माझ्या नजरेत एवढा जोर असता तर तुमच्या दिराची उधारी लई आधी वसूल झाली असती.”

तिनं डबा टेबलाखाली ओढून घेतला, बाजूचा पत्रा काढला, दिराचा सायकलचा पंप मागवला आणि आतल्या पंख्यावरची धूळ उडवली. सातच्या आकड्यावरून तिनं फडकं फिरवलं. त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. गेम चालू करून दिला आणि गेली.

त्यानंतर गाडी बंद पडली नाही. जावेच्या मशीनसारखी पळायची नाही, पण पळायची. मुलगी घरी बसायला लागली, भाकरीही घरची खायची. मला हवं होतं ते मिळालं होतं. पण एखादी शर्यत जिंकली की ती आधी दाराकडं बघायची, काकू येते का म्हणून. जाऊ येत नव्हती. आणि मुलीनं दाराकडं बघितलं की मी पुन्हा जळायचे.

दर महिन्याला मी दुकानातल्या पुड्या बांधून साठवलेले पैसे पदरात घेऊन अंगण ओलांडायचे. माफी मागायची, असं ठरवून निघायचे आणि पैसे ठेवून परत यायचे. दीड वर्ष असंच गेलं. शेवटच्या हप्त्याला मी उंबऱ्यातच थांबले. तिनं न मोजता नोटा पैशाच्या डब्यात टाकायला घेतल्या.

मी म्हणाले, “मोजून घ्या. आणि त्या दिवशीचं माझं चुकलं. तुमची नजर वाईट नव्हती, माझी होती.”

तिनं खाली बसून नोटा मोजल्या. सावकाश, एकेक. मग म्हणाली, “बरोबर हायेत, अक्का. आता काई राह्यलं न्हाई.”

पैसे तेवढे फिटले.