होडीचा एक वाटा ओढ्यासाठी

कणकवलीहून निघताना माझं मत पक्कं होतं की मुंबई आपल्याला काही शिकवणार नाही, पाण्याच्या बाबतीत तर नाहीच. जिथे नदीलाही लोक नाला म्हणतात, तिथे जाऊन व्हाळ (ओढा) कसा राखावा हे बघायचं! आमच्या ह्यांनी एस.टी. स्टँडपर्यंत माझी भरपूर थट्टा केली. पण गरज आमची होती, म्हणून गेले.

आमच्या गावात व्हाळाच्या काठाने सात गोठे आहेत. वरून दुसरा माझा, सहा म्हशींचा. शेणमूत धुतलं की सगळं व्हाळात जातं, आणि दुपारी म्हशीही त्यातच डुंबतात. हे थांबावं म्हणून सरकारी योजना आली. पक्का शेणखड्डा, काठाला कुंपण आणि गुरांना प्यायला टाकी. निम्मा खर्च सरकारचा, निम्मा गोठेवाल्याचा. अट एकच, सातही गोठे हवेत. आम्ही सहा जण कुरकुरत का होईना, तयार झालो. सगळ्यात वरचा गोठा शांतीकाकीचा. एकटी बाई, दोन म्हशी. ती निम्मा खर्च आणणार कुठून? ती नाही म्हणाली आणि योजना अडली. महिन्याच्या शेवटापर्यंत होकार कळवला नाही, तर योजना दुसऱ्या गावाला जाणार होती. तेवढ्यात बोरिवलीच्या माझ्या बहिणीचा, नलीचा, फोन आला. तिच्या मासेवालीकडे असाच पेच पडला होता आणि तो सुटला होता. "येऊन बघ तरी," नली म्हणाली.

बोरिवलीला पोचल्यावर चहा घेतला आणि नलीने मला थेट रिक्षात बसवलं. मेट्रोच्या खांबांखालून जात, उंच इमारतींच्या मागे एका वळणावर रिक्षा थांबली आणि ओळखीचा वास आला. पेंडीचा, ओल्या गवताचा, म्हशींचा. मुंबईत पहिल्यांदाच मला घरी आल्यासारखं वाटलं. समोर तबेला होता (म्हशींचा मोठा गोठा, चाळीस तरी जनावरं असतील). मालक यादवजी, साठीचे, उत्तर प्रदेशातून लहानपणी आलेले. मराठी आपल्यासारखंच बोलतात, फक्त थोडं घाईत.

तबेल्यामागून ओढा जातो. मी चप्पल काढून आधी पाण्यात उतरले, कारण ऐकीव गोष्टींवर माझा विश्वास नाही. गुडघाभर पाणी, खाली वाळू दिसत होती. काठाला कुंपण, त्याच्या आत केळी लावलेल्या. खाली वस्तीची गटारं मिळतात, तिथून पाण्याचा रंग बदलतो, हे यादवजींनी स्वतःच दाखवलं. पण तबेल्याच्या शेणाचा एक कण तिथे नव्हता. मला फार बरं वाटलं, आणि थोडा हेवाही वाटला.

मग त्यांनी सगळं सांगितलं. ओढ्यावर चार तबेले, योजना आमच्यासारखीच निम्म्या-निम्म्याची. तिघांनी आपापला हिस्सा भरला. यादवजींच्या बऱ्याच म्हशी त्याच वर्षी रोगाने गेल्या होत्या, त्यांनी हात वर केले. ओढा पुढे गोराईच्या खाडीला मिळतो. तिथल्या कोळणी तिसऱ्या (शिंपल्या) काढून विकायच्या, आणि शेणामुळे तिसऱ्यांना वास यायचा, म्हणून गिऱ्हाईक तुटलं होतं. त्या येऊन तबेला बघून गेल्या. कोळ्यांची रीत अशी की होडी किनाऱ्याला लागली की मासळीचे वाटे पडतात. माणसांचे, जाळ्याचे, होडीचा स्वतःचा. त्यांनी ठरवलं की होडीच्या वाट्यातला एक भाग यादवजींच्या खड्ड्यासाठी काढायचा.

आता वाटा म्हणजे कोळ्यांच्या लेखी मासळी. म्हणून पहिल्या दिवशी त्यांनी बोंबलांची पाटी आणून तबेल्याच्या दारात मानाने ठेवली. यादवजींचं घर कट्टर शाकाहारी. त्यांच्या आईने तीन वेळा सगळा तबेला धुवून घेतला, अगदी कोपऱ्याकोपऱ्यातून. ते सगळं पाणी शेणासकट ओढ्यात गेलं आणि दुसऱ्या दिवशी कोळ्यांची जाळी शेणाने भरली. हे सांगताना यादवजी हसून बेजार झाले. त्यानंतर मासळी बाजारात विकून पैसे यायला लागले, आणि खड्डा झाला.

दुपारी नावेने खाडी ओलांडून आम्ही गोराईला गेलो. नलीची मासेवाली, हिराबाई, चिखलात वाकून तिसऱ्या काढत होती. मला जवळून बघायचं होतं. तिसऱ्या पावलाला मी कमरेपर्यंत चिखलात. दोन बायकांनी मला उपटून काढलं आणि नली किनाऱ्यावर हसत उभी राहिली. हिराबाईने नेसायला कोरडं लुगडं दिलं, मग भाकरी आणि तिसऱ्यांचं कालवण. मी मालवणी मुलखातली, मला मासळीचं कौतुक सहसा वाटत नाही. पण त्या ताटात मी तिसऱ्यांदा वाढून घेतलं. वास म्हणाल तर फक्त समुद्राचा.

मी विचारलं, दुसऱ्याच्या तबेल्यासाठी पैसे देताना जिवावर नाही आलं? हिराबाईला प्रश्नच कळेना.

"दुसऱ्याचा कसा? होरीचा वाटा ज्याला दिला, तो होरीचा मानूस झाला," ती म्हणाली. "आन् पानी तं आमच्याकडंच येतं ना, बाय."

नारळी पौर्णिमेला यादवजी आता होडीच्या पूजेला जातात. नारळीभात तेवढा खातात, बाकी ताटांकडे पाठ करून बसतात. त्या बायकांचा मला इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं.

परतीच्या गाडीत मात्र मला स्वतःची लाज वाटू लागली. नलीकडे दोन दिवस मी आमच्या गावच्या चिकटपणाच्या गोष्टी सांगत होते. पण आम्ही विचारलं कुणाला? सात गोठेवाल्यांना. तीन बैठका झाल्या, आणि ज्यांच्या दारात ते पाणी जातं त्या खालच्या वाडीला एकदाही बोलावलं नाही.

म्हणून मी घरी न जाता पिशवीसकट खालच्या वाडीत गेले. तिथली पार्वती व्हाळावरून पाण्याची कळशी घेऊन येत होती. मी तिला अंगणातच सगळं सांगितलं, शांतीकाकीच्या निम्म्या खर्चासकट. सांगताना मला सारखं वाटत होतं, ही म्हणेल की शेण तुमचं, खर्चही तुम्हीच करा. तसं म्हणायचा तिला हक्क होता.

पार्वतीने कळशी खाली ठेवली आणि शेजारच्या घरांना हाका मारल्या. नऊ घरांतल्या बायका आल्या. दहा मिनिटांत शांतीकाकीचा हिस्सा त्यांनी आपसात वाटून घेतला.

"होय म्हणाक इतको येळ नाय लागणा," पार्वती मला म्हणाली. "आमका आजपर्यंत कोणी इचारूकच नाय."

तिने त्याच कळशीतलं पाणी मला प्यायला दिलं. मी ते सगळं प्याले.