बॅटरीची बंडी

कोल्ड स्टोरेजच्या कारकुनाला शेगडी नावाच्या हमालाबद्दल किती माहीत होतं, असं कुणी विचारलं असतं तर खरं उत्तर ‘फारसं नाही’ हेच होतं. बारा वर्षं दोघं एका छपराखाली. हजेरीपटावर रोज त्याच्या नावापुढे खूण करायची ती कारकुनानंच. पण हा माणूस मूळचा कुठला, लग्न केलंच नाही की करून मोडलं, सुट्टीच्या दिवशी करतो काय, यातलं काही त्याला सांगता आलं नसतं. विचारायचं राहून गेलं. कारकून मुळात विचारणाऱ्यांतला नव्हता. कुणी बोललं तर ऐकायचं, सांगितलं तर लिहायचं, एवढंच त्याला जमायचं. आणि त्या लिहिण्यातच त्यानं घाण करून ठेवली.

गोदामाच्या आत उणे वीस असायचं. गोठवलेल्या मटारची, मासळीची खोकी तिथे छतापर्यंत रचलेली. माल उचलणारे अकरा जण. पाऊण तास आत काढला की पाव तास बाहेर, असा जुना नियम. बाहेर म्हणजे माल चढवायच्या धक्क्याला लागून असलेल्या गरम खोलीत. खोली कसली, खुराडंच. दोन बाकडी, एक खिडकी आणि कोपऱ्यात एक हीटर, जो आठवड्यातून एकदा हमखास बंद पडायचा. तो उघडून, फुंकून, तारा पिळून पुन्हा चालू करायचं काम एकाच माणसाकडे आपसूक गेलं होतं. म्हणून त्याचं नाव शेगडी. बोलणं बेताचं, हात मात्र सतत कशात तरी.

मग एक दिवस बॅटरीच्या बंड्या आल्या. साहेबांनी खोकं धक्क्यावर मधोमध फोडलं. काळ्या कापडाच्या बिनबाह्यांच्या बंड्या, छातीवर एक बटण, बटणाभोवती दिवा. एकदा दाबलं की निळा, मग पांढरा, मग लाल. निळा म्हणजे कोमट, लाल म्हणजे कडक. आतल्या खिशात साबणाच्या वडीएवढी बॅटरी, शिवाय माणशी एक जादा.

दुसऱ्याच दिवसापासून कुरकुर सुरू झाली. पैलवान, म्हणजे त्या अकरांतला सगळ्यात आडवातिडवा गडी, म्हणाला, “ही बंडी आहे की चेष्टा? लालवर ठेवली तरी ढिम्म. माझी म्हातारी नुसती रागावली तरी याच्यापेक्षा गरम वाटायचं.”

शेगडीनं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “कोटावरून घातलीस.”

“मग दिवा कसा दिसणार?”

“दिवा कुणाला दाखवायचाय? मटारला? अरे, तू अख्खं गोदाम तापवतोयस. आधी सदरा, मग बंडी, वर कोट. चूल घरात पेटवतात, छपरावर नाही.”

बाकड्यावरची माणसं हसली. पैलवानही हसला आणि तिथल्या तिथे कोट काढून बंडी आत घातली.

एक बंडी पहिल्याच आठवड्यात जळून बाद झाली होती. साहेबांना विचारून शेगडीनं ती घरी नेली आणि अस्तर उसवून परत आणली. गरम खोलीत बाकड्यावर ती पोट फाडलेल्या मासळीसारखी पसरली, आणि जन्मात बोलला नसेल तेवढा तो त्या दिवशी बोलला. कारकूनही दाराशी उभा राहून ऐकत होता.

“हे बघा. अस्तर आणि कापड यांच्यामध्ये हे काळे तंतू. दोन पट्ट्या छातीवर, एक पाठीवर. वीज यातून जाताना अडखळते, आणि जिथं अडखळते तिथं तापते. इस्त्रीत होतं तेच, फक्त बेतानं. फार तापलं तर हे इवलंसं यंत्र वीज तोडतं. ते बिघडलं, म्हणून ही जळाली. आता बॅटरी. तिच्यात वीज मोजकीच. निळ्यावर घोटघोट पितो आपण, लालवर घटाघटा. आणि तिलाही थंडी वाजते. गारठली की असलेली वीजही देत नाही, कंजूस होते. म्हणून खिसा आतल्या बाजूला. अंगाची ऊब तिला, तिची ऊब अंगाला.”

“संसारच झाला की,” कुणीतरी म्हणालं.

“आणि चार्ज करायची ती उबदार जागेतच. थंडीत केली की कायमची मरते.”

“पण छाती तापवून बोटांना काय?” पैलवाननं विचारलं.

“छाती थंड पडली की शरीर हातापायांचं रक्त आखडतं, सगळं पोटाशी धरतं. छाती उबदार असली की थोडं सोडतं. पण थोडंच. खोकं शेवटी बोटांनीच धरतोस ना? आणि ही बंडी एक लबाडी करते. छाती सांगते सगळं ठीक आहे, आणि माणूस छातीचं ऐकतो. बोटं गेलेली कळत नाहीत. बंडी असली तरी पाऊण तासानं बाहेर यायचं म्हणजे यायचं.”

महिन्याभरानं वरच्या कचेरीतून अहवाल मागवला गेला. छापील कागद, त्यात ‘कामगाराचा अभिप्राय’ म्हणून दोन ओळींची चौकट. साहेबांनी शेगडीला बोलावलं, कारकुनाला लिहायला बसवलं. शेगडी टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, “पांढऱ्या दिव्यावर बॅटरी तीन तास पुरते, पण ती बाहेर धक्क्यावर. आत नेली की दीड तासही नाही. आणि बॅटरी पुरली तरी बोटं पुरत नाहीत, म्हणून गरम खोली हवीच.”

कारकुनानं हे सगळं आपल्या वहीत शब्दन्शब्द उतरवलं. शेगडी गेल्यावर कागदावर उतरवायला घेतलं, तर साहेब खांद्यावरून डोकावले.

“भाऊसाहेब, चौकट केवढी आहे बघताय ना? मुद्दा लिहा. पुराण नको.”

“पण साहेब, तो म्हणाला की...”

“तीन तास म्हणाला ना?”

“म्हणाला.”

“मग ते लिहा.”

कारकुनानं लिहिलं. पांढऱ्या पातळीवर बॅटरी तीन तास पुरते, असे कामगाराचे म्हणणे आहे. अक्षर नेहमीसारखं सुरेख आलं. चौकटीत आणखी एक ओळ मोकळी होती. ती त्यानं पाहिली, आणि पेनाला टोपण लावलं.

पंधरा दिवसांनी फळ्यावर नोटीस लागली. उबदार कपडे पुरवले गेल्यामुळे, आणि कामगारांच्याच अभिप्रायानुसार, यापुढे सलग अडीच तास आत काम करावे. गरम खोली बॅटऱ्या चार्ज करण्यासाठी वापरली जाईल. खाली अहवालाची प्रत, तीत शेगडीचं नाव. त्याच दुपारी बाकडी बाहेर निघाली, भिंतीला फळ्या ठोकल्या गेल्या आणि फळ्यांवर बावीस बॅटऱ्या ओळीनं बसल्या. हीटर त्यांच्यासाठी दिवसभर चालू. माणसांनी आत यायचं नाही, दार उघडं राहिलं की ऊब जाते.

दुसऱ्या दिवशी शेगडी कामावर आला तेव्हा सगळे धक्क्यावर उभे होते.

“या, शेगडीबुवा,” पैलवान म्हणाला. “तीन तास पुरतं म्हणे तुमचं.”

“मी असं म्हटलं नव्हतं. म्हणजे, एवढंच नव्हतं म्हटलं.”

“मग कागद काय तुझ्या आत्यानं लिहिला?”

“अरे, साहेबाला घोळात घेऊन मुकादम व्हायचं असेल त्याला,” मागून दुसरा म्हणाला. “आम्हाला बरा शिकवत होता, संसार नि काय काय.”

कारकून चार हातांवर खिडकीत बसून खोक्यांचे आकडे मांडत होता. शेगडीनं खिडकीकडे पाहिलं. कारकुनानं मान खाली घातली.

“भाऊसाहेबांकडे काय बघतोस?” पैलवान म्हणाला. “ते सांगितलं तेवढं लिहितात. त्यांचा काय दोष?”

यापेक्षा कुणी मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं, असं कारकुनाला वाटलं. पण वाटण्यापलीकडे तो गेला नाही.

महिना उलटला असेल. पैलवान बंडी लालवर ठेवून, एक बॅटरी संपली की दुसरी लावून, आत दोन तासांवर राबला. छाती उबदार, गडी खुशीत. हातमोजा कधी ओला झाला ते त्याला कळलंही नाही. बाहेर आला तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं मेणासारखी पांढरी झाली होती. कुणी चोळायला धावलं, तर शेगडी ओरडला, “चोळू नका!” आणि कोट उघडून पैलवानचा तो हात त्यानं स्वतःच्या काखेत धरला. गाडी येईपर्यंत तसाच धरून उभा होता. गाडीत चढताना पैलवाननं हात हिसकावून घेतला. म्हणाला, “आता माया नको दाखवूस.”

दोन्ही बोटं पहिल्या पेरापासून कापावी लागली. वरच्या कचेरीनं सगळ्यांना जाड हातमोजे दिले. नोटीस होती तिथेच राहिली.

मालाची ट्रॉली ओढायला दोन माणसं लागतात. त्या दिवसापासून शेगडीच्या दुसऱ्या टोकाला कुणी येईना. तो एक टोक धरून उभा राहायचा, आणि बाकीचे दुसऱ्या ट्रॉलीकडे वळायचे. मुकादम शिव्या घालून कुणालातरी पाठवायचा, तो यायचा, पण तोंड फिरवून.

कारकुनाच्या बायकोला हे सगळं जेवताना तुकड्यातुकड्यांनी कळलं होतं. ती म्हणाली, “वही आहे ना तुमच्याकडे? तारीख घालून लिहिलेली?”

“आहे.”

“मग दाखवा त्यांना. नाहीतर मला सांगू नका. जन्मभर मूग गिळून बसलात, आता पोट दुखतंय म्हणून माझ्याकडे कुरकुरता.”

त्या रविवारी तो वही खिशात घालून शेगडीच्या घरी गेला. टायरच्या दुकानावर दोन खोल्या, अरुंद लोखंडी जिना. आत शेगडी आणि त्याची थोरली बहीण. तिच्या गुडघ्यांवर जुन्या बंडीतल्या काळ्या तंतूंची पट्टी बांधलेली, त्यातून एक तार बॅटरीकडे गेलेली. त्यानंच केली होती. दुखरे गुडघे जणू शिजत ठेवलेत, असं ती म्हणाली आणि स्वतःच हसली.

शेगडीनं स्टूल पुढे सरकवलं, कारकून बसला. शेवटी तीच म्हणाली, “हा बोलत नाही, तुम्ही बोलत नाही. मी काय भिंतीशी बोलू? त्या कागदावरचं अक्षर तुमचं ना, भाऊसाहेब?”

“हो.”

“हा सांगत होता, मोत्यासारखं आहे म्हणून. मी म्हटलं, मोती चांगले, पण अर्धीच माळ ओवली.”

“ताई, पुरे,” शेगडी म्हणाला. मग कारकुनाकडे न बघता, “जागाच दोन ओळींची होती. बघितलीय मी.”

म्हणजे याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बाकीच्या दहांत एकाला तरी त्यानं सांगितलं असतं तर निदान ट्रॉलीचं दुसरं टोक कुणी धरलं असतं. कारकुनाचा हात खिशातल्या वहीवर गेला. चौकटीतली दुसरी ओळ मोकळीच होती, हे त्याला तेव्हाच सांगायचं होतं. सांगितलं नाही.

“तुम्ही सांगितलं का नाही त्यांना?” त्यानं विचारलं.

“माझ्या तोंडून कोण ऐकणार? पळवाट वाटली असती. ज्यानं लिहिलं त्यानं सांगितलं तर वेगळं.” शेगडी उठला, बहिणीच्या गुडघ्यावरचा दिवा लालवरून निळ्यावर आणला. “शनिवारी शेवटचा दिवस माझा. सोडतोय. ट्रॉली एकट्यानं ओढवत नाही आता.”

बहीण कारकुनाकडे बघत राहिली. तिचे डोळे भावासारखेच, पण ती ते वळवत नव्हती.

जिना उतरताना कारकुनानं ठरवलं. शनिवारी पाळी बदलताना सगळे धक्क्यावर असतात. तेव्हा वही उघडायची आणि वाचायची. तीनच वाक्यं होती. निदान या माणसाचं नाव धुऊन त्याला जाऊ द्यायचं. आठवडाभर तो ती वाक्यं मनातल्या मनात म्हणत राहिला, आंघोळ करताना, रस्त्यानं चालताना. सगळी पाठ झाली.

शनिवार आला. पाळी बदलली. सगळे धक्क्यावर जमलेले, पैलवानही पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून खोक्यावर बसलेला. साहेब लवकर निघून गेले होते, म्हणजे ती सबबही उरली नव्हती. शेगडी बंडीची घडी करून खिडकीशी आला. वही खिडकीच्या फळीवर पालथी पडली होती, खूण घातलेली. कारकुनानं ती सुलटी केली. पान उघडलं. माणसं आपापसांत बोलत होती, कुणीतरी कुणाच्या चपलांवरून चेष्टा करत होतं. पहिला शब्द ‘पांढऱ्या’. तो ओठांपर्यंत आला. शेगडी थांबला होता. घाई नसल्यासारखा, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ थांबला होता.

कारकुनानं वहीवर परतीचा कागद ठेवला.

“बंडी एक, बॅटऱ्या दोन,” तो म्हणाला. “चार्जर?”

“खोलीतच आहे. डावीकडून तिसरा. तार सैल आहे, जरा हलवून लावावी लागते.”

“बरं. इथं सही करा.”

शेगडीनं सही केली, पेन परत दिलं.

“येतो, भाऊसाहेब.”

“या.”