गेणबाच्या छातीचे चार फोटो

गेणबा माझा पाठचा भाऊ. सणसरच्या शिवारात एका गुऱ्हाळावर चाळीस वर्षं गुळव्या होता. काहिलीत रस उकळतो तेव्हा ती कधी उतरवायची हे सांगणारा माणूस म्हणजे गुळव्या. तो घड्याळ बघत नाही, रंग बघतो. आमचा गेणबा तर दहा पावलं लांब तंबाखू मळत उभा असायचा आणि तिथूनच म्हणायचा, उतरवा. त्याचा गूळ कधी करपला नाही की पाघळला नाही. घरी आमटीत मीठ पडलंय का नाही ते ह्याला कळायचं नाही, पण रंगाच्या बाबतीत मालकसुद्धा त्याच्या पुढं बोलायचा नाही.

गेल्या हंगामात त्याला खोकला लागला. काहिलीखालच्या चुलवाणाचा धूर बाधला असंल म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं, मीही त्यातलीच. थुंकीत रक्त आलं तेव्हा त्याच्या सुनेनं, रेश्मानं, मला पिंपळीला फोन केला. पोरगा रविराज उसाच्या ट्रॅक्टरवर, आणि हा माणूस माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. म्हणजे तेव्हा ऐकत होता.

बारामतीला सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. अंजलीबाई म्हणून डॉक्टर, वयानं माझ्या नातीएवढ्या. त्यांनी फोटो दिव्याच्या पेटीवर लावला. उजवीकडं वरच्या अंगाला पांढरा ढग, आणि ढगात लिंबाएवढं काळं भोक. टीबी. सहा महिने गोळ्या, एक दिवसही चुकवायची नाही, आणि दोन महिन्यांनी परत फोटो काढून दोन्ही ताडून बघायचे, असं त्यांनी सांगितलं.

दोन महिन्यांत गेणबा माणसात आला. भाकरी मागून खायला लागला, तीन किलो वजन चढलं. दुसरा फोटो काढायला गेलो त्या दिवशी दवाखान्याचं मशीन बंद होतं, म्हणून बाहेरच्या दुकानातून काढून आणला. तोवर अंजलीबाई कुठल्या शिबिराला गेलेल्या. सोमवारी या म्हणाले.

एसटीची वाट बघत स्टँडावर बसलो. पिशवीत दोन्ही फोटो. गेणबाला कुठला धीर निघतोय? त्यानं आधी एक उन्हाला धरला, मग दुसरा. नवा फोटो सगळाच फिकट होता, जुना काळाकुट्ट.

मग म्हणाला, "आक्का, पांढरं वाढलंय. सगळीकडं पसरलंय बघ."

मी चष्मा पुसून बघितलं.

"तूच सांग, वाढलंय का न्हाय?"

"वाढल्यागत दिसतंय खरं," मी म्हणाले.

सोमवारी डॉक्टरांना विचारू, एवढं म्हणायला माझी जीभ काय झिजली असती? पण विचारलं म्हणून सांगितलं, दिसलं तसं सांगितलं.

सोमवारी तो गेलाच नाही. मला फोनवर सांगितलं, जाऊन आलो, चाललंय म्हणाल्या. त्याच्या मनानं घेतलं होतं की ह्या गोळ्यांनीच आतलं पांढरं पसरतंय. चुलवाणात उसाचं ओलं चिपाड टाकलं की नुसता धूर होतो, तसं. गोळ्या घेतोय का बघायला दवाखान्याची सेविका घरी यायची, तिला रिकामी पाकिटं काढून दाखवायचा. आषाढात रेश्मा चिपाडाचा ढीग हलवायला गेली, तर खाली गोळ्याच गोळ्या, भिजून लगदा झालेल्या. तोवर रक्त परत सुरू झालं होतं आणि सदरा अंगावर टांगल्यासारखा दिसत होता. मी चार लुगडी घेतली आणि सणसरला राहायलाच आले.

तिसरा फोटो. अंजलीबाईंनी तिन्ही ओळीनं लावले आणि दुसऱ्यावर बोट ठेवलं. लिंबाएवढं भोक तिथं बोराएवढं झालं होतं. फोटो फिकट आला तो मशीनमुळं, किरण कमी पडले की तसा येतो. रंग बघायचा नसतो, भोकाची कड बघायची असते.

"म्हंजे मी बरा व्हत व्हतो?" गेणबानं विचारलं.

"होत होतात, आजोबा."

तिसऱ्या फोटोत भोक लिंबाहून मोठं होतं, आणि डाव्या बाजूलाही ढग उतरला होता. थुंकी पुण्याला पाठवली. उत्तर आलं, जुन्या गोळ्या आता ह्याला लागू पडत नाहीत. नव्या दिल्या, जास्त कडक.

परत येताना एसटीत मी खिडकीकडं तोंड करून डोळे पुसत होते. गेणबा तोंडावरच्या फडक्यातनं म्हणाला, "तू कशाला मनाला लावून घेतीस? तू कुठं गुळवी हायस?"

नव्या गोळ्यांनी त्याचे तळपाय जळतात. जन्मभर चुलवाणापाशी उभं राहिलेला माणूस आता ओल्या फडक्यावर पाय टाकून पडून असतो. दसऱ्याला गुऱ्हाळ सुरू झालं, नवा गुळव्या आला. वारा इकडचा असला की वास येतो. गेणबा कूस बदलतो.

परवा चौथा फोटो काढला. अंजलीबाईंनी तो बराच वेळ बघितला. वाढलं नाही, कमीही झालं नाही, आहे तसंच आहे, म्हणाल्या. वाढलं नाही हेही थोडं नाही, असंही म्हणाल्या, पण ते म्हणताना त्यांनी फोटोवरची नजर काढली नाही.

काल सकाळी मी गोळ्या पुढं केल्या.

"बास आता, आक्का," तो म्हणाला. "ह्यानं काय व्हणार हाय का, तेवढं सांग."

"मला न्हाय कळत."

"मग कशाला देतीस?"

"तेबी न्हाय कळत. तू गीळ."

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि पहिली उचलली. सगळ्या गिळायला पाऊण तास लागला. मी उठले नाही. शेवटची पोटात ठरली नाही, उलटून पडली. परत द्यायची का, हे विचारायला रेश्मानं दवाखान्यात फोन लावला. तिकडं कुणी उचलेना. ती परत परत लावत होती, आणि गेणबा भिंतीला टेकून, डोळे मिटून, हात पुढं करून बसला होता.