फोडगुरुजी

फोडगुरुजी नाव विचारायला लागले की पोरं आधी पाठ भिंतीला लावत. शब्दाची फोड करण्यात आणि पोरांना फोडून काढण्यात त्यांचा हात सारखाच चाले, म्हणून आमच्या वडिवळे गावानं त्यांना हे नाव दिलं होतं. त्यांचं खरं नाव आम्हा पोरांना ठाऊक नव्हतं. गाव त्यांना गुरुजी म्हणे. त्यांची बायको, आमची काकू, त्या काळच्या सगळ्या बायकांसारखी नवऱ्याचं नाव तोंडातून काढत नसे. ‘शाळेत गेलेत’, ‘जेवायला बसलेत’, एवढ्यावर तिचं भागे.

शाळा मारुतीच्या देवळात भरायची. पहिल्या दिवशी एकेकानं उभं राहून नाव सांगायचं आणि गुरुजींनी त्याचा अर्थ लावायचा, हा त्यांचा शिरस्ता. ‘केरू? केर म्हणजे झाडून बाहेर टाकायची वस्तू. तू आत कसा आलास?’ ‘धोंडू? मग तुझ्या डोक्यात काही शिरायचा प्रश्नच नाही.’ आमच्या मावळात पोरं जगत नसली की पुढच्याला असं टाकाऊ नाव देत, म्हणजे काळाची नजर त्याच्यावरून पुढे जाते. हे गुरुजींना ठाऊक होतं. पण ते अर्थ शब्दाचा सांगत, आईच्या भीतीचा नाही.

माझं नाव नकुसा. मुलीवर मुली झाल्या की आता पुरे, म्हणून शेवटचीला ठेवतात ते. गुरुजी म्हणाले, ‘नको अशी. घरच्यांनी नावातच निकाल लावलाय, मी आणखी काय शिकवू?’ सगळं देऊळ हसलं. मी घरी जाऊन रडले तर आई भात पाखडता पाखडता म्हणाली, ‘खरंच हाय की त्ये. मंग काय साकर वाटायची व्हती?’

पण शिकवावं तर त्या माणसानंच. काटकोन त्रिकोणाच्या लांब बाजूला कर्ण का म्हणायचं, असं विचारून ते उत्तराची वाट न पाहता कान पिळत. ‘कर्ण म्हणजे कान. राहील आता लक्षात.’ राहिलं. अजूनही काटकोन दिसला की माझा डावा कान गरम होतो. छेद म्हणजे कापणं, हे पट्टीची धार बोटांवर मारून. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी, आणि तीच त्रिज्येत येऊन बसली आहे, हे मात्र त्यांनी करवंदीची फांदी वाकवून, सुतळी बांधून दाखवलं. त्या दिवशी त्यांचे डोळे लहान मुलासारखे चमकत होते. शब्दाच्या पोटात काहीतरी जिवंत असतं, हे मला तेव्हा कळलं. पुढे मी स्वतः शिक्षिका झाले ती त्या सुतळीमुळे. गुरुजींसारखा दुष्ट माणूस मी पाहिला नाही आणि त्यांच्याइतकं मला कुणी दिलंही नाही. शाबासकी तेवढी कधी दिली नाही. उत्तर बरोबर आलं की ते फक्त ‘पुढचा’ म्हणत.

स्वतःच्या मुलांची नावं त्यांनी पारखून ठेवली होती. पहिला अनंत, ज्याला अंत नाही. दुसरा मृत्युंजय. दोघेही दात यायच्या आत गेले. तिसऱ्याच्या बारशाला गुरुजींनी जाहीर केलं, ‘अविनाश. याला नाश नाही.’ त्याच आठवड्यात, ते शाळेत असताना, काकू बाळ पदराखाली घेऊन आमच्या घरी आली. जिची पोरं जगतात अशा बाईला पोर कोंड्याच्या मोलानं विकायचं आणि मग तिचं म्हणून सांभाळायचं, अशी रीत होती. आमच्याकडे मुली काही मरायला तयार नव्हत्या, त्यामुळे आईला मोठा मान. आईनं बाळ सुपात घेतलं, काकूच्या पदरात ओंजळभर कोंडा टाकला आणि म्हणाली, ‘आता ह्यो माजा कोंडू. तुमी निस्तं सांबाळा. दुसऱ्या नावानं हाक मारू नगा.’

पोर जगलं. चांगलं गुबगुबीत झालं. बापासमोर काकू त्याला बाळ म्हणे आणि बाप बाहेर पडला की कोंडू. साऱ्या गावाला माहीत होतं, एक गुरुजी सोडून.

मग कोंडू शाळेत आला. रिवाजाप्रमाणे उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, ‘कोंडू!’

गुरुजी पांढरे पडले. ‘तांदूळ काढून घेतल्यावर जे गुरांपुढे टाकतात, तो कोंडा,’ ते म्हणाले. ‘नाव सांग.’ ‘कोंडू.’ छडी बसली. ‘नाव?’ ‘कोंडू.’ बापाचाच हट्ट होता त्याच्यात. शाळा सुटायच्या सुमारास त्याच्या पोटऱ्यांवर वळ उठले होते, आणि तो ‘अविनाश’ म्हणाला.

आई गुरुजींच्या ओसरीवर गेली. मीही सोबत होते. ‘गुरुजी, इकत घेतल्यालं पोर हाय त्ये माजं. नाव मोडू नगा.’

‘बाई, यमाला मराठी येत नाही. नाव ऐकून तो दार बदलत नाही.’

‘मंग अविनाश तरी कशापायी ठिवलं?’

गुरुजींनी दार लावून घेतलं.

श्रावणात गावात ताप आला. नावं न बघताच तो घराघरांत शिरला. केरू वाचला, धोंडूची बहीण गेली. कोंडूच्या अंथरुणाशी माझी आई बसून होती. तिनं सांगितलं ते असं : काकूनं वाकून ‘कोंडू, बाळा’ अशी हाक मारली. पोरानं डोळे उघडले, कोपऱ्यात बापाला पाहिलं आणि पाय पोटाशी घेत घाईघाईनं म्हणालं, ‘न्हाई, मी अविनाश.’ त्यानंतर ते बोललं नाही.

सुतक फिटल्यावर गुरुजी शाळेत आले. डोक्यावरचे केस काढलेले, बाकी काही बदल नाही. एक नवा मुलगा आला होता. त्यांनी त्याला उभं केलं. ‘नाव?’

तेवढ्यात देवळाच्या दारात काकू उभी राहिली. पायरीच्या आत आली नाही. डोक्यावर पदर नीट घेतलेला होता.

‘करुणाकर,’ ती म्हणाली.

आम्हाला आधी कळलंच नाही ती कुणाला हाक मारते आहे. गुरुजींच्या हातून छडी सुटली, तेव्हा कळलं. नवऱ्याला नावानं हाक मारणारी बाई आमच्यापैकी कुणी पाहिली नव्हती.

‘सगळ्यांच्या नावांचे अर्थ सांगता ना?’ ती म्हणाली. ‘या नावाचा सांगा. करुणाकर म्हणजे काय?’

गुरुजी छडी उचलायला खाली वाकले. देवळात प्रश्न विचारला गेला होता, आणि प्रश्नाला उत्तर द्यायचंच, हे त्यांनीच आमच्या अंगात मुरवलं होतं. मी उभी राहिले.

‘करुणा अधिक आकर,’ मी म्हणाले. ‘आकर म्हणजे खाण. करुणेची खाण.’

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं.

‘बरोबर,’ ते म्हणाले. ‘बस खाली.’