रेकॉर्डिंग हाय

"आवाज राहू दे. हिले खाली उतरव."

म्हातारा माह्याशी बोलतच नव्हता. मंडपवाल्या विलासभाऊशी बोलत होता. मी इस्टेजवर दोघायच्या मधात उभी. हातात माईक, अंगावर आईनं घेऊन देलेली नवी साडी. इंझोरीकडच्या एका गावात बड्या शेतकऱ्याच्या घरचं लग्न, अन् लग्नात सूत्रसंचालन कराचं माहं पहिलं काम. म्हातारा नवरीचा आजा. जरा आगुदर त्यानंच कवतुक केलं होतं, "वा, मस्त बोलते पोरगी!" मंग विचारलं, कोणाची वो तू? मी बापाचं नाव सांगतलं. तेवढ्यानं त्याचं भागलं नाही. आडनाव विचारलं. तेही सांगतलं. कडू कारलं चावल्यावानी तोंड झालं त्याचं.

"समजून घे न, बाई," विलासभाऊ माह्या कानात म्हणे. "घरात देवक मांडलं हाय. पाहुणे काय म्हणतीन?"

देवक घरात होतं. इस्टेजवर तं सोफा होता, प्लास्टिकची फुलं होती, अन् नवरदेवाचे दोस्त बूट घालून तिथं नाचून गेले होते. त्यायच्या बुटानं काही बाटलं नाही.

मले मंडपाच्या कनातीमागं बसवलं. लांब वायर ओढून देली. बाजूले खरकट्या ताटायचा ढीग, त्याच्यावर माश्या, अन् मी त्या नव्या साडीत पालथ्या बादलीवर. मले मंडप दिसे नाही. विलासभाऊ कनातीतून डोकं घालून सांगे, आता मामा आले, आता हार आणले, अन् मी तसं तसं बोलो. तुमी म्हणसान, उठून घरी काहून नाही गेली? मले बोलाचं होतं म्हणून. दुसरं काही कारण नाही. लाचारी म्हणा, नाद म्हणा, जे म्हणाचं ते म्हणा.

आमच्या घरात मोठ्यानं बोलाची बंदी होती. आई दुसऱ्याच्या वावरात निंदाले जाये. मी अंगणात खिदळली का लगेच म्हणे, "हळू बोल वो, वाटेनं माणसं जाऊन राह्यली." कोणती माणसं, ते सांगा लागत नव्हतं. घरातल्या घरातही आई कुजबुजल्यासारखीच बोले. मी दहावीत होती तवा जयंतीले विहारासमोर मले कोणीतरी माईक देला, दोन शब्द बोल म्हणे. दोन शब्दायचं भाषण झालं. मागच्या रांगेतल्या बायायनं गप्पा सोडल्या अन् माह्याकडे पाहू लागल्या. बाप्पा! अंगावर काटा आला माह्या. तिथंच समजलं का आपला जलम ह्याच्यासाठी हाय. आई म्हणे, आवाजानं कोठी पोट भरते का? मी म्हटलं, भरन.

तं त्या दिवशी बादलीवर बसून मी असं बोलली का मंडप हासे, चूप होये, टाळ्या वाजवे. खोटं कायले बोलू, मजा येत होती मले.

लग्न लागलं. पंगती बसल्या. कोणी पुढारी आला. त्याच्या सत्कारासाठी म्हाताऱ्याच्या हातात इस्टेजवरचा दुसरा माईक देला होता, तो चालूच राह्यला. म्हणून साऱ्या मंडपानं ऐकलं. मीही ऐकलं.

"आवाज भारी हाय. कोण बोलून राह्यलं?" पुढाऱ्यानं विचारलं.

म्हातारा हासला. "कोणी नाही. रेकॉर्डिंग हाय."

कोणी नाही.

मागं बसवलं, गिळलं. खरकट्याजवळ बसवलं, तेही गिळलं. पण मी जगातच नाही? अन् माईक तं माह्याच हातात होता.

"रेकॉर्डिंग नाही," मी म्हटलं. "मी जिती हावो. कनातीमागं बसली हावो. काहून बसवलं, ते आजोबाले विचारा." मंग माहं नाव सांगतलं. बापाचं सांगतलं. आडनाव सांगतलं, सावकाश, शेवटच्या पंगतीले ऐकू जाईन असं.

विलासभाऊनं धावत येऊन वायर उपटली. म्हाताराही मागं आला. पहिल्यांदाच माह्याकडे पाहून बोलला, "तुले काय कमी केलं होतं वो? ताट तं पाठवतच होतो."

"तुमचं ताट तुमच्याजवळ ठेवा," म्हटलं अन् निघाली. एवढ्या मंडपातून एक माणूस उठला नाही. पुढारी जेवत होता.

घरी आईले सांगतलं. वाटलं, आता मले झाडणार.

"मोठ्यानं सांगतलं का आडनाव?"

"हाव."

"साऱ्या मंडपात?"

"हाव."

आई उठून अंगणात गेली अन् जलमभर कुजबुजत आलेल्या त्या बाईनं म्हाताऱ्याले अशी शिवी हासडली का शेजारीण लाटणं घेऊनच बाहीर आली.

त्याच्यानंतर एका लग्नाचं बोलावणं नाही. पोरगी भांडकुदळ हाय म्हणे. शेलूबाजारात एका दुकानात कापड फाडून राह्यली मी.

यंदा उन्हाळ्यात रिठदच्या रस्त्यानं जीपमधी चालली होती. एक मंडप लागला. भोंग्यातून बाई बोलून राह्यली होती, "वधूच्या मामांनी वधूला मंडपात घेऊन यावे. जेवल्याशिवाय कोणीही जाऊ नये."

माहा आवाज.

विलासभाऊनं त्या दिवशी तो मशीनमधी भरून ठेवला होता. आता गावोगाव वाजवून राह्यला. आडनावाचा तेवढा तुकडा कापून. म्हणजे माह्या आवाजानं कोणाचं लग्न बाटत नाही. बाटते ते माह्या पायानं.

"भाऊ, थांबव," मी ड्रायव्हरले म्हटलं.

रोजच्या कपड्यात होती. चपला घालून सरळ इस्टेजवर चढली. विलासभाऊचं तोंड पांढरं पडलं.

"मशीन बंद कर, भाऊ. मी आली."

"तुले कोणी बोलावलं वो?"

"सकाळपासून माह्याच आवाजात बोलावून राह्यला न तू."

त्यानं मशीन बंद केली. मंग तिघाचौघायनं दंडाले धरून मले खाली उतरवलं. दंडावर त्यायची बोटं उमटली.

उतरवा. जिथं माहा आवाज वाजन तिथं मी येईन. शिव्या द्या, धक्के मारा, पोलिसात जा. आवाज पाह्यजे असन तं माणूस संगं घ्या लागन, आडनावासकट, इस्टेजवर, समोर. नाही तं मुक्यानं लावा तुमची लग्नं.