बॉनेटवर ठेवलेलं होकायंत्र

माझं शिक्षण चौथी. पुढं नाशिक-पेठ रस्त्यावर जीप हाकली, कधी सुरगाण्यापर्यंत. नकाशा कधी लागला नाही.

बायको पाचवी शिकलेली. ऐंशी सालाच्या आसपास तिनं ठरवलं, सातवीच्या परीक्षेला बाहेरून बसायचं. सातवी झाली तर बालवाडीत काम मिळणार होतं. मी हो म्हणालो. वाटलं, दोन दिवसांचं खूळ आहे, जाईल.

खूळ गेलं नाही, कारण आमच्या चाळीत एक गुरुजी राहायचे. भूगोल शिकवायचे. एकटा जीव, इस्त्रीचा शर्ट. दर रविवारी ओट्यावर तिला आणि शेजारच्या दोघींना शिकवायचे. तिला ताई म्हणायचे, तरी मला टोचायचं. माझ्याशी बोलताना तिची नजर तव्यावर असायची. त्यांचं बोलणं ऐकताना तव्यावरची भाकरी करपली तरी तिला कळत नव्हतं.

एकदा तिनं नकाशावर नाशिकपासून पेठपर्यंत रस्त्याच्या वळणावळणानं दोरा ठेवला, दोरा पट्टीला लावला, खालचं प्रमाण बघितलं आणि मला किलोमीटर सांगितले. माझ्या जीपच्या मीटरवर जवळजवळ तेवढेच पडायचे. शाबास म्हणायला पाहिजे होतं. मी म्हणालो, त्यात काय, मला विचारायचं की.

मग गुरुजींनी तिला आठवडाभरासाठी होकायंत्र दिलं. पितळी डबी, वर काच, आत हलणारी सुई. ती डबी पदरात बांधून फिरायची. मला तिचा एवढा राग आला की एका सकाळी तिला न सांगता ती डबी घेऊन मी स्टँडवर गेलो.

सगळे ड्रायव्हर जमले. मी डबी बॉनेटवर ठेवली. मला शाळा नसली तरी सूर्य कळतो. उगवतीकडं तोंड केलं की डावा हात उत्तरेला. सुईचं लाल टोक मात्र सरळ उगवतीकडं. डबी हेडलाइटजवळ सरकवली तर ते आणखी तिसरीकडं. सगळे हसले. एक म्हणाला, गुरुजीला सांग, ह्याच्या भरवशावर घराबाहेर पडू नको.

मी तसाच चाळीत आलो. रविवार होता, ओट्यावर शिकवणी चाललेली. सगळ्यांसमोर डबी ओट्यावर टाकली आणि म्हणालो, गुरुजी, तुमचं यंत्र खोटं आणि तुमची विद्याही खोटी. गुरुजी काही बोलायला गेले, तर बायकोनं त्यांना हातानं थांबवलं. तिनं त्यांना थांबवलं याचाही मला राग आला. तिची पुस्तकं मी माळ्यावर टाकली. परीक्षेला तीन आठवडे राहिले होते.

ती भांडली नाही. चार-पाच दिवसांनी म्हणाली, पेठला माहेरी जाऊन येते, तुमच्याच गाडीनं. पुढं माझ्या शेजारी बसली. सकाळच्या उन्हात घाटात म्हणाली, जरा थांबवा. मागचे पॅसेंजर कुरकुरले. ती उतरून वीसेक पावलं चालत गेली, पदरातली डबी सोडून दगडावर ठेवली आणि मला हाक मारली.

सुई थरथरली आणि थांबली. सूर्याकडं तोंड करून मी उभा राहिलो. लाल टोक बरोबर माझ्या डाव्या हाताला. मग डबी तळहातावर धरून ती जीपकडं चालू लागली. बॉनेटपाशी येईस्तोवर सुई फिरली, इंजिनाकडं बघत राहिली.

"गुरुजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, लोखंडापासून लांब धरायचं म्हणून."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"चार माणसांत तुम्हाला खोटं पाडू?"

पॅसेंजर हॉर्न वाजवत होते. मी गाडी चालू केली.

घरी आल्यावर पुस्तकं मीच माळ्यावरून काढली, धूळ पुसली. परीक्षेला तिला जीपनं सोडलं आणि पेपर सुटेपर्यंत फाटकाबाहेर थांबलो. ती पास झाली. बालवाडीत पोरांना सूर्याकडं तोंड करून उभं करायची. त्या पोरांचाही मला हेवा वाटायचा, खरं सांगतो. गुरुजींची माफी मात्र मागितली नाही. डबी त्यांनी परत मागितली नाही, तिनंही दिली नाही. माझी आग तिथंच होत राहिली.

ती गेली तेव्हा दहाव्याला गुरुजी आले. पार म्हातारे झालेले, काठी टेकत. लोकांना सांगत होते, ताईंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, माझ्या मालकांना सगळे रस्ते पाठ आहेत, ते नकाशात कसे घालायचे? हे मला तिनं कधी सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांनी, तिच्या दहाव्याला, मला त्या माणसाचा पुन्हा हेवा वाटला. माझ्याबद्दलचं तिचं बोलणं त्याच्याकडं होतं, माझ्याकडं नव्हतं.

जाताना मी डबी त्यांच्यापुढं धरली. त्यांनी ती उघडून पाहिली आणि माझ्या हातात परत ठेवली.

मी म्हणालो, "गुरुजी, बसा. अजून काय काय बोलायची ती, सांगा."