पूजेतली किल्ली

माझ्या चुलतभावाची जीप चोरीला गेली तेव्हा मला नगरला विमा कंपनीच्या कचेरीत लागून वर्षही झालं नव्हतं. घराण्यातला पहिला पदवीधर मी. कॉलेजची फी भरली होती चुलत्यांनी, म्हणजे त्याच्याच वडिलांनी. हे मी कधी विसरलो नाही, आणि आमच्या गावानेही मला कधी विसरू दिलं नाही.

गाव श्रीरामपूरपासून जवळ. वाटणीत चुलत्यांच्या वाट्याला पाटपाण्याखालची जमीन आली, आमच्या वाट्याला माळ; घर आणि अंगण तेवढं एकत्र राहिलं. भाऊ माझ्याहून थोडाच मोठा. मॅट्रिकला दोनदा बसला, दोनदा आपटला आणि हसत हसत उसाला पाणी द्यायला लागला. पुढे त्याने भिंगारला लष्कराच्या लिलावात निघालेली एक जुनी जीप घेतली. तिचा विमा मीच उतरवायला लावला. तेवढीच माझी त्या जीपमधली भागीदारी.

मी शनिवारी एस.टी.ने गावी यायचो, फाट्यावर उतरून पिशवी घेऊन चालत. वाटेत मागून हॉर्न वाजायचा. जीपमध्ये पुढच्या सीटवर माझी आई बसलेली असायची. तिला दवाखान्यात तो न्यायचा, बाजाराला तो न्यायचा, माझ्या मावशीकडेही तोच. "बस मागं, बीए," तो म्हणायचा. मी मागे पेंडीच्या पोत्यावर बसायचो. आई पुढून वळून म्हणायची, "पगार झाला का रे?" आणि उत्तर ऐकायच्या आत पुन्हा त्याच्याशी बोलायला लागायची. तो शेतावर निघाला की ती पडवीतून हात करायची. माझ्या एस.टी.ला तिने कधी हात केल्याचं मला आठवत नाही. अर्थात एस.टी. फाट्यावरून सुटायची, हेही खरं.

जीप गेली ती खंडेनवमीला. आमच्याकडे त्या दिवशी नांगर, कुळव, विळे, सगळी अवजारं धुऊन अंगणात मांडतात, हळदकुंकू वाहतात. एकदा पूजेत बसलेलं अवजार दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत कोणी हलवत नाही. भावाने जीप मधोमध उभी केली, झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. किल्लीलाही कुंकू लावलं आणि ती जिथली तिथे, गाडीतच ठेवली. संध्याकाळी चुलते, भाऊ देवीच्या आरतीला गेले. परत आले तर अंगणात चेंगरलेली लिंबं आणि फाटकापर्यंत सांडलेला झेंडू.

पोलिसांत वर्दी दिली. दसऱ्याला मी गावी पोचलो तेव्हा पडवीत बैठकच भरली होती. कंपनीचा सर्व्हेअर येणार, किल्ली कुठे होती ते विचारणार, हे सगळ्यांना कळलं होतं.

"खिशात हुती म्हनायचं," चुलते म्हणाले.

"मंग किल्ली दाखवा म्हनंल त्यो," भाऊ म्हणाला. "येकच हुती, ती गेली गाडीसंगं."

"श्रीरामपुरात दुसरी करून आन. त्याला काय कळतंय कोन्च्या जीपची हाय ती?"

भाऊ माझ्याकडे वळला. "तू सांग बीए. तुझ्या हापिसाचं काम हाय. काय बोलू?"

पॉलिसीत किल्लीचा उल्लेख नव्हता. गाडीची वाजवी काळजी घ्यावी, एवढंच होतं. किल्ली आत ठेवून आरतीला जाणं ही वाजवी काळजी आहे, असं कोण म्हणणार? मला वाटलं, खरं सांगितलं तर हे प्रकरण बुडालं. तरी मी म्हणालो, "खरं सांग दादा. गाडी तर गेलीच, खोटी किल्ली सापडली तर अब्रूही जाईल."

सल्ला बरोबर होता, आजही मी तोच देईन. पण जीप नसलेलं ते अंगण मला त्या संध्याकाळी ऐसपैस वाटत होतं. त्या रविवारी आई मला सोडायला फाट्यापर्यंत चालत आली. दोघंच होतो.

कचेरीत मी साहेबांना नातं सांगून टाकलं आणि कागद दुसऱ्या टेबलावर गेले. सर्व्हेअर गावी आले त्या दिवशी मी रजा काढून घरी होतो, पण पडवीच्या टोकाला बसलो.

"किल्ली कुठे होती?" त्यांनी विचारलं.

"गाडीतच हुती साहेब. पूजेतली."

"काढून घ्यायची नाही का?"

"खंडेनवमीला पूजेतलं आवजार उचलत न्हाईत. तुमच्यात उचलत्यात का?"

"आमच्यात गाडीच नाही," सर्व्हेअर म्हणाले. मग गंभीर होऊन विचारलं, "म्हणजे घर, गाडी, सगळं उघडं टाकून गेलात?"

तेवढ्यात आई आतून पदर सावरत आली. "उघडं कशानं? मी हुते की घरात. फाटकाला साखळी हुती."

"मग गाडी सुरू झालेली ऐकली नाहीत?"

"ऐकली की! मला वाटलं आमचाच चाललाय. चुलीपुढनं उठून भाईर आले आन् हात केला."

"चोराला?"

"त्यानं बी केला," आई म्हणाली. हे तिने आजवर आम्हा कोणालाच सांगितलं नव्हतं.

सर्व्हेअरना हसू आवरेना. मग त्यांनी साखळी पाहिली, फाटक पाहिलं, आईला पुन्हा सगळं सांगायला लावलं आणि लिहून घेतलं. घरात जागतं माणूस, फाटक बंद, गाडी स्वतःच्या अंगणात. गाडी वाऱ्यावर सोडली होती असं म्हणता येत नाही, असं त्यांचं मत पडलं. थोडी कपात होऊन दावा मंजूर झाला. चोर काही सापडला नाही.

पारावर लोक म्हणायला लागले, "खरं बोलला गडी म्हनून मिळालं." चुलतेही तेच सांगत फिरले. सल्ला कोणाचा होता ते एकालाही आठवलं नाही, आणि मी आठवण करून देणार कशी? सात पिढ्यांत पहिल्यांदा शिकलेला माणूस मी, आणि खरं बोलण्याचं नाव झालं ते त्याचं.

पुढच्या खंडेनवमीला अंगणात दुसरी जीप होती. हार, लिंबं, सगळं तसंच. आरतीला निघताना भावाने किल्लीला कुंकू लावलं आणि ती माझ्या हातात दिली. "या साली किल्लीची पूजा तुझ्या खिशात. तुझ्याबिगर कुनावर टाकू?"

सगळे गेले. मला गाडी चालवता येत नव्हती, आजही येत नाही. मी कुंकवाची किल्ली सदऱ्याच्या खिशात घालून ओट्यावर बसलो. खिसा लाल झाला. आई आतून भाकरी थापता थापता दोनदा बाहेर डोकावली. दोन्ही वेळा तिने आधी जीपकडे पाहिलं.